ऑफिसची नाताळ पार्टी : जायचं, टाळायचं की आखायचं?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषय माझ्यावर सोडला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणजे मुलाखत कशी द्यायची, कोणती लँग्वेज शिकायची असं काही सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. ते जेवणाच्या सुट्टीत विचारा, आनंदाने सांगेन. इथे मी बोलणार आहे ऑफिसच्या पार्टीबद्दल. त्यातही डिसेंबरमधल्या नाताळच्या पार्टीबद्दल. हसू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी हा प्रश्न पडणार आहे. आणि ज्यांना पडून गेलाय, ते आत्ता खाली बघतायत.

या प्रश्नाची आपल्याकडे दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, 'जायचंच नाही, विषय संपला'. दुसरं, 'जायचं, काय होतंय त्यात, एक ज्यूस घेऊन बसायचं'. मी दोन्ही करून बघितलं. मला तिसरं उत्तर सापडायला तीन डिसेंबर लागले. ते असं, की पार्टी आखणाऱ्यांत जाऊन बसायचं. आजचं सगळं बोलणं एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागले आणि २०१५ साली कंपनीने मला इंग्लंडला पाठवलं, रेडिंग नावाच्या शहरात. लंडनच्या पश्चिमेला आहे, आयटी कंपन्यांचं गाव. सहा वर्षं तिथे होते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माणसं वाईट नव्हती आणि जे घडलं ते कुठेही घडतं.

तिकडची ऑफिसची ख्रिसमस पार्टी कशी असते, ते आधी सांगते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा गुरुवार किंवा शुक्रवार. संध्याकाळी सातला हॉटेलात जेवण. टर्कीचं मांस, बेकनमध्ये गुंडाळलेले छोटे सॉसेज, शेवटी ब्रँडी ओतून पेटवलेलं पुडिंग. प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक क्रॅकर, म्हणजे दोघांनी दोन टोकं ओढायची, फट् आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. चिठ्ठ्या टाकून एकमेकांना दिलेल्या भेटी, त्याला सीक्रेट सँटा म्हणतात. हे आटपलं की सगळे पबमध्ये. दारू जेवणाआधी, जेवताना आणि जेवणानंतर.

माझा पहिला डिसेंबर, २०१५. मी खोटं बोलले. डोकं दुखतंय असं मेल केलं आणि घरी बसून खिचडी खाल्ली. सोमवारी टेबलावर माझ्या वाटणीचा क्रॅकर कुणीतरी आणून ठेवला होता, 'लवकर बरी हो' अशी चिठ्ठी लावून. खोटं बोलल्याची एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

दुसरा डिसेंबर. गेले. शाकाहारी ताट सांगितलं होतं, ते आलं, पण बटाटे बदकाच्या चरबीत भाजलेले निघाले. वाढणाऱ्या मुलीची चूक नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पाव आणि संत्र्याचा रस घेऊन अडीच तास बसले. साडेनऊला सगळे पबकडे वळले, मी घरी आले. सोमवारी कळलं की जानेवारीत सुरू होणाऱ्या नव्या प्रोजेक्टचं नेतृत्व कुणाकडे द्यायचं, ते पबमध्ये ठरलं. ज्या कामासाठी मी चार महिने तयारी करत होते तेच काम. मॅनेजरला विचारलं तर तो खरोखर गोंधळला. म्हणाला, 'अगं, मुद्दाम नाही ठरवलं. बोलता बोलता विषय निघाला, तो तिथे होता.' कट कुणीच केला नव्हता. तो तिथे होता, मी नव्हते.

तिसरा डिसेंबर, २०१७. गेले नाही. खोटंही बोलले नाही. 'येणार नाही' एवढंच लिहिलं. कुणी काही म्हणालं नाही. पण त्या रात्री डोक्यात आलं की मी गेले काय, न गेले काय, पार्टीला फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त मला. म्हणजे माझं चुकतंय ते जाण्या-न जाण्यात नाही. मी पोचते तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं, गडबड तिथे आहे.

म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एचआरने 'पार्टीच्या समितीत कोण येणार?' असं मेल टाकलं, तेव्हा मी नाव दिलं. हे काम कुणालाच नको असतं. समितीत आम्ही चौघं होतो आणि त्यातल्या दोघांना पकडून आणलेलं होतं. म्हणून तुम्हाला सांगते, या समितीत जायला कुणाची ओळख लागत नाही. हात वर केला की जागा मिळते.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्हीही पहिली तीच कराल. पहिल्याच बैठकीत मी म्हणाले, 'ख्रिसमस पार्टी हे नाव बदलू या. हिवाळी पार्टी म्हणू या, म्हणजे सगळ्यांना आपली वाटेल.' बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. दोन दिवसांनी आमच्या टेस्टिंग टीममधली एक बाई माझ्याकडे आली. नायजेरियातून आलेली, दर रविवारी चर्चला जाणारी. फार शांतपणे म्हणाली, 'माझ्या सणाचं नाव तू काढलंस, मला विचारलं तरी का?'

मला उत्तर देता येईना. तिला मी खरंच विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात ख्रिसमस म्हणजे 'त्यांचा', आणि 'ते' म्हणजे पबमध्ये बसलेले सगळे. प्रत्यक्षात त्या चाळीसएक माणसांत नाताळला मनापासून चर्चला जाणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांनाही ती पार्टी आवडत नव्हती. ती म्हणाली, 'त्या रात्री येशूचं नाव कोण घेतं? दारू पिऊन लोळायला आमचा सण लागतो, एवढंच. तू असं कर, माझा ख्रिसमस ख्रिसमसच राहू दे आणि तुमच्या पार्टीला पार्टी म्हण.'

हे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही. आपण मुसलमान घरांत वाढलो. हजरत ईसा अलैहिस्सलाम आपले पैगंबर. कुराणात बीबी मरियम यांच्या नावाची अख्खी सूरह आहे, एकोणिसावी, आणि कुराणात नावाने उल्लेख असलेली स्त्री त्या एकट्याच. मग माझी अडचण ईसांच्या जन्माची होती का? नव्हती. अडचण होती दारूची, ताटात काय आहे ते न कळण्याची, रात्रीच्या वेळेची आणि पबमध्ये होणाऱ्या निर्णयांची. यातलं एकही बायबलमधून आलेलं नाही. मी चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवलं होतं.

दुसऱ्या बैठकीत मी माझीच सूचना मागे घेतली आणि म्हटलं, आधी विचारू या. आम्ही एक फॉर्म पाठवला. त्यावर नाव लिहायचं नव्हतं. पाच प्रश्न होते. कोणती वेळ जमते? काय खाता, काय खात नाही? याआधी आला नसाल तर का? कोणती गोष्ट नसली तर तुम्ही याल? आणि, न येण्याचं कारण कुणी विचारू नये असं वाटतं का?

मला वाटलं होतं, उत्तरं वाचून माझ्यासारख्या तीन-चार मुसलमानांची बाजू कळेल. उत्तरं वाचली आणि गप्प झाले. लहान मुलं असलेल्यांना संध्याकाळ नको होती, पाळणाघर सहाला बंद होतं. एकाची आई अंथरुणाला खिळलेली, त्याला सातनंतर घर सोडता येत नव्हतं. पुण्याचीच एक जैन मुलगी कांदा-लसूण खात नव्हती, तीन वर्षं पार्टीला येऊन नुसतं सॅलड चिवडत होती आणि मला, शेजारी बसणारीला, पत्ता नव्हता. एकाने लिहिलं होतं, गर्दीत आणि मोठ्या आवाजात मला गुदमरतं. आणि एक उत्तर असं होतं : 'दारू सोडून मला चौदा महिने झाले. दरवर्षी डिसेंबरची भीती वाटते.'

ते कुणी लिहिलं ते मला आजही माहीत नाही. पण त्या दिवसानंतर 'मुस्लिमांसाठी सोय' हे शब्द मी त्या समितीत पुन्हा वापरले नाहीत. जो माणूस मूठ आवळून तो महिना काढत होता, त्याला माझ्या हलालपेक्षा मोठी गरज होती. आणि दोघांना हवं होतं ते एकच, दारूभोवती न फिरणारी पार्टी.

मग आम्ही जे आखलं ते सांगते. हे तुम्ही जसंच्या तसं उचलू शकता.

वेळ. रात्रीचं जेवण रद्द, दुपारचं जेवण, कामाच्या वेळेत, बारा ते अडीच. तिकडे डिसेंबरमध्ये सूर्य चारच्या आत मावळतो. जोहर बाराच्या सुमारास, आम्ही कोकणातले शाफई म्हणून आमची असर पावणेदोनच्या आसपास, आणि चारच्या आत मगरिब. संध्याकाळी सातच्या पार्टीत सगळ्या नमाजा आधीच होऊन गेलेल्या असतात, तरी आम्ही येत नव्हतो. दुपारच्या पार्टीत मध्येच एक नमाज येत होती, तरी आम्ही आलो. कारण हॉटेलात एक छोटी खोली मागून ठेवली होती. नमाज पढणाऱ्याला ती मिळाली, आणि गर्दीत गुदमरणारा तो माणूसही तिथेच जाऊन दहा मिनिटं बसत होता. खोलीवर पाटी लावली 'शांत खोली'. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

जेवण. ब्रिटनमध्ये कायद्याने चौदा ॲलर्जींची माहिती हॉटेलाला द्यावीच लागते. दूध, अंडी, शेंगदाणे, अगदी मोहरी आणि सेलेरीसुद्धा त्या यादीत आहे. हलाल नाही, जिलेटिन नाही, स्वयंपाकात घातलेली वाइन नाही. म्हणून नुसतं 'ॲलर्जीचं बघा' म्हणून भागत नाही. आम्ही हॉटेलला लेखी विचारलं : मांस कुठलं? कशात तळलं? गोड पदार्थात दारू आहे का, जिलेटिन आहे का? मग प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी लावली. हलाल चिकन ठेवलं आणि टर्कीही ठेवली, टर्कीवाल्यांनी काय घोडं मारलंय?

पेय. जेवणाच्या टेबलावर दारू नाही. बंदी नाही घातली, तेवढा अधिकार आम्हाला नव्हता आणि हवाही नव्हता. अडीचला कंपनीची पार्टी संपली असं जाहीर करायचं. त्यानंतर ज्याला पबमध्ये जायचं त्याने स्वतःच्या पैशाने जावं. सोबत एक अट, मॅनेजरने स्वतः मेलवर लिहिलेली : पबमध्ये कामाचा कोणताही निर्णय होणार नाही, झाला तर तो धरला जाणार नाही. माझ्यासाठी त्या सगळ्या कार्यक्रमात सर्वांत मोलाची ही एक ओळ होती.

सण. ज्यांचा नाताळ होता त्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी मागितली पंधरा मिनिटं. बारा वाजता रिसेप्शनजवळ चौघांनी कॅरोल गायली. ज्याला ऐकायचं तो थांबला, नाही तो सरळ जेवायला गेला. ती टेस्टिंगवाली बाई गायली. मी ऐकायला उभी राहिले. आमच्यातला एक मुलगा उभा राहिला नाही. दोघांनाही कुणी काही विचारलं नाही.

आणि शेवटचा नियम : न येणाऱ्याला कारण विचारायचं नाही. त्याचा क्रॅकर टेबलावर ठेवायचा, चिठ्ठी लावायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे कंपनीने मान्य कसं केलं? भावनेने नाही. हिशेब आणि कायद्याने. तुम्हीही त्याच वाटेने जा, कारण मॅनेजर माणूस चांगला असला तरी त्याला वर कागद दाखवावा लागतो.

हिशेब असा. ब्रिटनमध्ये वार्षिक कार्यक्रमावर कंपनीने माणशी दीडशे पाउंडांपर्यंत केलेला खर्च करमुक्त असतो, त्यात व्हॅटही धरतात. पण दीडशेच्या वर एक पाउंड जरी गेला तर फक्त वरच्या पाउंडावर नाही, सगळ्या रकमेवर कर लागतो. आणि दुसरी अट, कार्यक्रम सगळ्या कर्मचाऱ्यांना खुला हवा. मी ती अट बैठकीत वाचून दाखवली. म्हटलं, कागदावर खुला आहे, पण ज्याला सातनंतर येता येत नाही, जे ताट खाता येत नाही, त्याला तो खुला आहे का? शिवाय दुपारचं जेवण रात्रीपेक्षा स्वस्त पडलं आणि दारूचं बिल गेलं. उरलेल्या पैशातून शहरातल्या फूड बँकेला मदत करायचं ठरलं. तिथे आधी फोन केला. त्यांनी सांगितलं, डिसेंबरमध्ये सगळे येतात, जानेवारीत या. आम्ही जानेवारीत गेलो.

कायदा असा. २०११ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या एका कंपनीची ख्रिसमस पार्टी संपली आणि काही जण पुढे हॉटेलात पीत बसले. मध्यरात्रीनंतर बोलणं कामावर गेलं, वाद झाला आणि मॅनेजिंग डायरेक्टरने एका कर्मचाऱ्याला ठोसा मारला. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. खालच्या कोर्टात कंपनी सुटली. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये अपील कोर्टाने कंपनीला जबाबदार धरलं. आमची समिती बसली ती पुढच्याच महिन्यात. एचआरच्या बाईंनी तो निकाल वाचलेला होता. दारू कंपनीच्या कार्यक्रमातून बाहेर काढा, असं मला म्हणावंच लागलं नाही, त्याच म्हणाल्या.

सगळं छान झालं असं मात्र नाही. एक वरिष्ठ गृहस्थ म्हणाले, 'ही पार्टी आहे की शाळेची सहल?' त्यांचं पूर्ण चुकलं नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही पेयं म्हणून गोड सरबत आणि पाणी ठेवलं होतं. नको ते काढण्याच्या नादात हवं ते ठेवायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये, चांगली पेयं बनवणारा माणूस बोलावला आणि जेवणानंतर सगळ्यांना बोलिंगला नेलं. हे गृहस्थ बोलिंगमध्ये पहिले आले, मग त्यांची तक्रार थांबली.

त्यांनी आणखी एक मुद्दा काढला होता, परंपरेचा. 'आमच्याकडे पार्टी अशीच असते.' मी इंजिनिअर, इतिहास फारसा वाचलेला नाही. पण चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही छोटी गोष्ट कॉलेजात वाचली होती, १८४३ सालची. त्यात फेझिविग नावाचा व्यापारी नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकानाचं काम थांबवतो, सामान बाजूला सारून तिथेच नाच ठेवतो. पेय तिथेही आहे, ते मी लपवणार नाही. पण येतं कोण? स्वयंपाकीण येते, दूधवाला येतो, घरकाम करणारी मुलगी येते, समोरच्या घरी पोटभर जेवायला मिळत नसावं असा एक पोऱ्याही येतो. मी त्या गृहस्थांना म्हटलं, परंपराच पाळायची तर ही पाळू या. आपल्या पार्टीला रिसेप्शनवरचा माणूस आणि सफाईवाल्या बायका कधी आल्यात का? त्या वर्षी त्या आल्या.

आता घरचा आहेर. २०२१ मध्ये मी पुण्यात परत आले. इकडच्या आयटी कंपन्यांतही डिसेंबर साजरा होतो. लॉबीत झाड, सीक्रेट सँटा, मग एखाद्या रिसॉर्टवर डीजे आणि बार, मध्यरात्री परतीची बस. मुलींना घरून विचारणा, कधी येणार, कुणाबरोबर येणार. ही विचारणा फक्त मुसलमान घरांत होते असं समजू नका. आपल्याकडे २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा आहे, त्यात कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीने दिलेलं वाहनसुद्धा कामाची जागा धरली जाते. म्हणजे रिसॉर्टही आणि ती बसही. इंग्लंडात जसा निकाल कामी आला, तसा इथे हा कायदा बैठकीत कामी येतो.

पण मी घरचा आहेर म्हणाले तो वेगळाच आहे. पुण्यात आम्ही मुसलमान सहकाऱ्यांनी मिळून ऑफिसात इफ्तार ठेवला. मोठ्या हौसेने. आठ पदार्थ, त्यातले सहा चिकन-मटणाचे. सगळ्यांना बोलावलं. माझ्यासमोर एक शाकाहारी सहकारी बसली होती, खजूर आणि केळ्याचा तुकडा हातात घेऊन, हसत. ते हसू मी ओळखलं. २०१६ मध्ये रेडिंगच्या हॉटेलात संत्र्याचा रस घेऊन मी तस्संच हसत होते. आणि टेबलं पुसायला, पत्रावळ्या उचलायला आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशी उभ्या होत्या. त्यातल्या एकीचा रोजा होता. आम्ही इफ्तार करत होतो आणि ती आमचं आवरायला थांबली होती.

दुसऱ्याच्या पार्टीत आपल्याला जागा मागायची, तर आपल्या पार्टीत आपण जागा किती देतो ते आधी बघावं लागतं. पुढच्या रमजानला आम्ही फॉर्म पाठवला. तेच पाच प्रश्न. मावशींच्या पाळीची वेळ बदलून घेतली आणि आवरायचं काम आमच्यातल्या सहा जणांनी वाटून घेतलं.

काही जण मनात म्हणत असतील, हिने दीनचा प्रश्न टाळला. टाळत नाही. नाताळच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर दरवर्षी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं होतात. मी आलिमा नाही. मला एवढंच कळतं की उपासना वेगळी, शेजाऱ्याचा सण वेगळा आणि कंपनीची पार्टी वेगळी. आपण तिन्ही एका पोत्यात भरतो आणि मग भांडतो. उपासनेत कुणी कुणाला ओढू नये. कंपनीच्या पार्टीत काय असावं हे सगळ्या कर्मचाऱ्यांनी ठरवावं, त्यात आपणही आलो. आणि शेजाऱ्याच्या सणाचं म्हणाल तर आपण कोकणातली, गोव्या-वसईच्या शेजारातली माणसं. घरी नाताळच्या नेवऱ्या आणि दोदोल आल्याचं आणि ईदला शीरखुर्मा गेल्याचं ज्यांना आठवतं त्यांनी हात वर करा... बघा, किती आहेत. आपल्या आयांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि ज्याला वाटतं की आपण जाऊच नये, त्याचा तो हक्क पूर्ण आहे. माझं म्हणणं एवढंच, की न जाण्याची किंमत त्याला बढतीत मोजावी लागू नये. त्यासाठीसुद्धा कुणीतरी समितीत असावं लागतं.

एक तारीख लिहून घ्या. आपला महिना चंद्रावर चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली रमजान दोनदा येणार आहे, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. २०३१ आणि २०३२ मध्ये डिसेंबरच्या पार्ट्या आणि रोजे एकमेकांवर येतील. तेव्हा माझी दुपारच्या जेवणाची सगळी योजना कोलमडणार. रोजा असलेल्या माणसाला दुपारचं जेवण काय कामाचं? मग पार्टी जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावी लागेल. तिकडे बऱ्याच कंपन्या आत्ताच जानेवारीत घेतात, हॉटेलं स्वस्त मिळतात, आणि 'ड्राय जानेवारी' म्हणून महिनाभर दारू न पिणारेही बरेच असतात. तुमच्यातलं कुणीतरी तोवर टीम लीड झालेलं असेल. ते तुम्हाला आखायचंय, मला नाही.

म्हणून आज एकच काम देते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या एचआरला दोन ओळींचं मेल करा : वर्षअखेरच्या कार्यक्रमाची आखणी कोण करतं? मला मदत करायची आहे. आपल्या अडचणींची यादी त्या मेलमध्ये घालू नका. आधी जाऊन बसा, फॉर्म पाठवा, उत्तरं वाचा. ज्याचा सण आहे त्याला पहिल्यांदा विचारा, मी विचारलं नव्हतं. आणि हाऊसकीपिंगच्या मावशींना फॉर्म भरता येत नसेल तर त्यांच्याजवळ जाऊन तोंडी विचारा.

प्रश्न असतील तर आता घेऊ या. मुलाखतीचे जेवताना.